व्हिडिओ गेमचा कन्सोल विमानातून नेताना

(व्याख्यानमालेतील भाषणाचं शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



बाहेरच्या फलकावर आजचा विषय वाचून दोन-तीन जणांनी मला दारातच गाठलं. "सर, तुम्ही आणि व्हिडिओ गेम?" प्रश्न रास्त आहे. मी आयुष्यभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं आणि हे खेळ मला खेळता येत नाहीत. पण आपल्या वयाच्या लोकांचा या वस्तूशी संबंध खेळण्यापुरता राहिलेला नाही. मुलं परदेशात आहेत. आपण सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे. जाताना कुणीतरी म्हणतं, "काका, माझ्या मुलाचा प्लेस्टेशन इथंच राहिलाय, तेवढा न्याल का?" येताना नातू म्हणतो, "आजोबा, माझा स्विच तुमच्या बॅगेत ठेवा." मग लोणच्याच्या बरण्या आणि भाजणीच्या पिशव्या यांच्या मधे तो कुठंतरी कोंबला जातो.

ती वस्तू बॅगेत कुठं आणि कशी ठेवायची, एवढाच आजचा विषय. पण 'असं ठेवा, तसं ठेवू नका' अशी यादी मी वाचून दाखवणार नाही. यादी घरी जाईपर्यंत विसरते. कारण कळलं की यादी आपली आपल्याला करता येते. म्हणून आज कारणांबद्दल बोलू.

आधी वस्तू कोणती ते ठरवा

'मिलिंदपञ्हो' या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू आणि मिलिंद राजा यांचा संवाद आहे. राजा रथातून आलेला असतो. नागसेन त्याला विचारतो की चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी निघतं ते असं, की भाग जसे एकत्र येतात त्यावरून 'रथ' हे नाव आपण वापरतो. त्या नावामागं भागांहून वेगळी अशी वस्तू सापडत नाही.

आपल्या कामासाठी हा फार उपयोगी धडा आहे. 'कन्सोल कुठं ठेवू?' या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण विमानाचे नियम 'कन्सोल' या नावाला लागू होत नाहीत. ते भागांना लागू होतात. म्हणून आधी रथ सुटा करायचा.

पहिला भाग म्हणजे टीव्हीला जोडायचा मोठा खोका. प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सीरीज एक्स हे त्यातले. हे भिंतीच्या विजेवर चालतात, चार्ज करायची मोठी बॅटरी यांच्यात नसते. दुसरा भाग हातात धरायचा कंट्रोलर. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरमध्ये लिथियम-आयन बॅटरी आत बसवलेली असते. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला आपल्या भिंतीवरच्या घड्याळात घालतो तसले दोन पेन्सिल सेल लागतात. तिसरा प्रकार हातातच पडदा असलेल्या यंत्रांचा, म्हणजे निन्टेन्डो स्विच किंवा स्टीम डेक. यांच्यात बॅटरी असतेच. चौथी गोष्ट पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या. पाचवी वायरी, सहावी डिस्क आणि कार्डं. आणि सातवी डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे आत साठवलेला खेळ. तिच्याकडे शेवटी येऊ.

बॅटरी जवळच का ठेवायची?

हा आजच्या बोलण्याचा गाभा आहे, म्हणून जरा सावकाश घेतो.

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. त्या हातातल्या बॅगेतच न्यायच्या. जगभर हाच नियम आहे. अनेकांना तो उलटा वाटतो. एक गृहस्थ मला म्हणाले, "धोकादायक वस्तू आहे, तर ती माणसांपासून लांब, पोटात ठेवायला नको का?" ऐकायला तर्क बरोबर वाटतो. तो कुठं चुकतो ते पाहू.

न्यायशास्त्रातलं अनुमानाचं उदाहरण तुम्हाला माहीत आहे. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथं आग आहे असं आपण ठरवतो. पण ज्ञान झालं म्हणजे काम झालं असं नाही. धूर दिसल्यावर तिथं पोचणारा कुणीतरी हवा. विमानाच्या पोटात धूर ओळखणारी यंत्रं असतात, वैमानिकाला इशारा मिळतो. अनुमान होतं. पण उड्डाण चालू असताना त्या बॅगेपर्यंत कुणाचा हात पोचत नाही.

मग तिथं काय असतं? हॅलॉन नावाचा वायू सोडायची सोय असते. कपडे, पुठ्ठा, कागद यांच्या आगीवर तो उत्तम काम करतो. लिथियम-आयन बॅटरीची गोष्ट निराळी. तिच्या आत बिघाड होऊन ती एका मर्यादेपलीकडे तापली, की आतल्या रासायनिक क्रियाच आणखी उष्णता निर्माण करतात, त्या उष्णतेनं क्रिया आणखी वेगानं होतात, आणि हे चक्र स्वतःच्या बळावर चालत राहतं. हॅलॉननं ज्वाळा दबते, पण आतली उष्णता उतरत नाही. एक सेल शेजारच्याला तापवतो, तो त्याच्या शेजारच्याला. अशा बॅटरीला थंड करावं लागतं. थंड करायला साधं पाणी लागतं, आणि पाणी ओतायला माणूस लागतो. केबिनमध्ये तो असतो. विमानातल्या कर्मचाऱ्यांना हेच शिकवलेलं असतं. आधी ज्वाळा विझवायची आणि मग भरपूर पाणी ओतून ती वस्तू थंड करायची.

म्हणजे बॅटरी आपल्याजवळ ठेवायची ती धोका कमी आहे म्हणून नव्हे. धोका तोच आहे, फक्त इथं त्यावर इलाज करता येतो.

हे पुस्तकी वाटू नये म्हणून एक खरी घटना सांगतो. ३ सप्टेंबर २०१० रोजी यूपीएस या कंपनीचं मालवाहू ७४७ विमान दुबईहून निघालं. मालात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. उड्डाणानंतर अर्ध्या तासाच्या आतच आगीचा इशारा आला. विमान दुबईला परत वळवलं, पण कॉकपिटमध्ये इतका धूर भरला की वैमानिकांना समोरची उपकरणं दिसेनात. विमान कोसळलं आणि दोघंही वैमानिक गेले. पुढे १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून लिथियम-आयन बॅटऱ्या नुसत्या माल म्हणून नेणं जगभर बंद झालं.

आता दुसरं उदाहरण. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसानजवळच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानच्या विमानात डोक्यावरच्या कप्प्यात आग लागली. विमान जमिनीवरच होतं, सगळे प्रवासी बाहेर पडले. संशय पॉवर बँकेवर होता. त्यानंतर कोरियानं नियम केला की पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची नाही. बघा, तर्क तोच आहे, एक पाऊल पुढे गेला एवढंच. केबिनमध्ये असूनही कप्पा बंद असेल तर धूर उशिरा दिसतो. म्हणून हाताशी, नजरेसमोर ठेवा. एमिरेट्सनं १ ऑक्टोबर २०२५ पासून असंच केलं. १०० वॉट-अवरच्या आतली एक पॉवर बँक न्यायची, ती समोरच्या खिशात किंवा सीटखालच्या बॅगेत ठेवायची, आणि उड्डाणात वापरायची नाही.

नैयायिकांनी आणखी एक इशारा दिलेला आहे. धूर तिथं आग हे खरं, पण आग तिथं धूर असेलच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचं उदाहरण ते देतात. त्यात आग आहे, धूर नाही. बिघडलेली बॅटरीही धुरापूर्वी तापते, फुगते, कधी चमत्कारिक गोडसर वास येतो. म्हणून धुराची वाट पाहत बसू नका. यंत्राची पाठ फुगलेली दिसली किंवा बंद असतानाही ते गरम लागलं, तर ते विमानात न्यायचंच नाही. घरीच ठेवायचं.

आकडेमोड

आता मर्यादा. एकक आहे वॉट-अवर. १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी आपल्यासाठी चालते. १०० ते १६० च्या मधली असेल तर विमानकंपनीची परवानगी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात. १६० च्या वर प्रवाशाला बंदी.

पॉवर बँकेवर बहुतेक वेळा आकडा असतो मिलिॲम्पिअर-अवरचा. हिशेब सोपा आहे. त्या आकड्याला १००० नं भागा आणि व्होल्टनं गुणा. बॅटरीचे व्होल्ट साधारण ३.७ असतात. २०,००० ची पॉवर बँक असेल तर २० गुणिले ३.७ म्हणजे ७४ वॉट-अवर. चालेल. २७,००० ची म्हणजे ९९.९, काठावर. तीस हजारांची म्हणजे १११, परवानगी लागेल. छपाई पुसली गेली असेल आणि आकडा वाचता येत नसेल, तर तपासनीस ती अडवू शकतो. त्याच्याकडे दुसरा पुरावा नसतो.

आणि खेळाची यंत्रं? साध्या स्विचमध्ये ४,३१० मिलिॲम्पिअर-अवरची बॅटरी आहे, म्हणजे १६ वॉट-अवर. स्टीम डेकची पहिली आवृत्ती ४०, ओएलईडी पडद्याची ५०. प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरची सहाच्याही आत. म्हणजे मर्यादेची भीती या यंत्रांना नाही, ती सोबतच्या पॉवर बँकेला आहे.

झोपलेलं यंत्र आणि बंद यंत्र

यंत्राच्या आत बसवलेल्या बॅटरीला नियम थोडा सैल आहे. असं यंत्र शक्यतो जवळच ठेवावं. चेक-इनमध्ये टाकायचंच झालं तर ते पूर्ण बंद हवं, चुकून सुरू होणार नाही आणि चेपणार नाही असं बांधलेलं हवं.

'पूर्ण बंद' या शब्दांवर थांबा. मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती अशा अवस्था सांगितल्या आहेत. या यंत्रांनाही त्या आहेत म्हणाना! बटण एकदा दाबलं की पडदा काळा होतो आणि आपल्याला वाटतं बंद झालं. पण ते स्वप्नात असतं. आत वीज खेळती असते, बटणाला धक्का लागला की जागं होतं. कपड्यांच्या घडीत दाबलेलं यंत्र जागं झालं तर तापणार, आणि वारा लागायला जागाच नाही. स्विच पूर्ण बंद करायचा तर वरचं बटण तीन सेकंद किंवा जास्त दाबून धरायचं, पडद्यावर पर्याय येतात, त्यातून बंद करायचं. प्लेस्टेशनलाही 'रेस्ट मोड' वेगळा आणि 'टर्न ऑफ' वेगळं. नातवाला समोर बसवून करून घ्या. त्याला येतं, पण तो घाईत असतो.

दोन नियम एकमेकांसमोर

२०१७ साली एक गंमत झाली, म्हणजे गंमत कसली, पेचच. त्या वर्षी २१ मार्चला अमेरिकेनं जाहीर केलं की पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या दहा विमानतळांवरून येणाऱ्या प्रवाशांनी स्मार्टफोनपेक्षा मोठी इलेक्ट्रॉनिक वस्तू केबिनमध्ये आणायची नाही. सगळं चेक-इनमध्ये. दुबई आणि अबूधाबी त्या यादीत होते, म्हणजे मुंबईहून तिथं विमान बदलून अमेरिकेला जाणारे आपले कितीतरी लोक त्यात अडकले. लॅपटॉप गेले, टॅबलेट गेले, खेळाची यंत्रंही गेली. भीती होती यंत्रात दडवलेल्या स्फोटकांची.

आता बघा, घातपात रोखणारा म्हणतो यंत्र पोटात टाका. आग रोखणारा म्हणतो यंत्र वर ठेवा. दोघांनाही प्रवाशांचा जीवच वाचवायचा आहे. मग खरं कोण? माझं म्हणणं असं की नियम म्हणजे एखाद्या विशिष्ट भीतीला दिलेलं उत्तर असतं. भीती बदलली की उत्तर बदलतं. त्या वर्षीच्या जुलैपर्यंत तपासणी कडक करून ती बंदी उठवली गेली. पुढे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्यानं चाचण्या केल्या. बॅगेत लॅपटॉपची बॅटरी मुद्दाम तापवली आणि शेजारी ड्राय शाम्पूचा फवाऱ्याचा डबा ठेवला, तेव्हा तो डबा फुटून स्फोट झाला. यातून घरच्यासाठी एवढं घ्या : बॅटरी असलेलं यंत्र चेक-इनमध्ये टाकावंच लागलं, तर त्याच बॅगेत डिओडरंटचा किंवा दुसरा कुठला फवाऱ्याचा डबा नको.

धक्का आणि गोधडी

आता मोठ्या खोक्याकडे वळू. त्याला मोठी बॅटरी नाही, म्हणजे तो चेक-इनमध्ये जाऊ शकतो. पण त्याला दुसरं भय आहे, पडण्याचं.

पडलेली वस्तू कशानं मोडते? पडण्यानं मोडत नाही, एकदम थांबण्यानं मोडते. एक मीटर उंचीवरून बॅग फरशीवर पडली आणि आतली वस्तू एका मिलिमीटरमध्ये थांबली, तर तिला गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट धक्का बसतो. तीच वस्तू दोन सेंटीमीटर दबत दबत थांबली तर पन्नासपट. हिशेब अगदी शाळकरी आहे. पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर, म्हणजे १०० सेंटीमीटर भागिले २. पॅकिंग म्हणजे वस्तूला थांबायला अंतर मिळवून देणं.

म्हणून नुसतं घट्ट गुंडाळून भागत नाही. दगडासारखं घट्ट गुंडाळलं तर दबायला जागाच उरली नाही. सहाही बाजूंनी दोन-तीन बोटं दबेल असा थर हवा. आपली जुनी गोधडी यासाठी फार छान. मऊ, जाड, दबते आणि पुन्हा फुगते. सुती साड्या, टॉवेल, स्वेटर चालतील. खोका बॅगेच्या मध्यभागी, कडेला कधीच नाही. आणि त्याच्याशेजारी टणक काही नको. पितळी समई आणि प्लेस्टेशन एका बॅगेत गेले तर एकाचं भलं होणार नाही, आणि ती समई नसेल!

बांधण्याआधी तीन कामं. डिस्क आत असेल तर काढून तिच्या डबीत ठेवा, हादऱ्यात ती आत घासते. उभं करायचं स्टँड काढून वेगळं गुंडाळा. वायरी काढून पिशवीत ठेवा, मागच्या खाचेत लटकती वायर राहिली तर धक्क्यानं खाचच मोडते. प्लेस्टेशन ४ सारख्या जुन्या यंत्रांत फिरती हार्ड डिस्क असते. तिला धक्क्याचं भय जास्त. प्लेस्टेशन ५ च्या साठवणीत फिरणारं काही नाही.

जमल्यास हा खोकाही केबिनमध्येच न्यावा असं माझं मत. बसतो का ते पाहू. प्लेस्टेशन ५ ची डिस्कवाली पहिली आवृत्ती साडेचार किलो, नंतरची बारीक आवृत्ती ३.२ किलो. आपल्याकडे इकॉनॉमीत हातातल्या बॅगेला साधारण ७ किलो आणि ५५ बाय ३५ बाय २५ सेंटीमीटर अशी मर्यादा असते. पहिली आवृत्ती ३९ बाय २६ बाय साडेदहा, म्हणजे मापात बसते. पण साडेचार किलो ती, पाव किलोचा कंट्रोलर, वायरी, आणि रिकामी बॅगच दीड-दोन किलो. सात किलो तिथंच संपले. औषधं कुठं ठेवणार? आपल्या वयात औषधं आधी. मग खोका चेक-इनमध्ये गेला तरी चालेल, फक्त कंट्रोलर आणि पॉवर बँक जवळ ठेवा.

तपासणीच्या रांगेत खोका बॅगेतून बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवावा लागतो. अमेरिकेत मोठ्या कन्सोलसाठी तसं सांगितलेलंच आहे, छोटी हातातली यंत्रं तिथं बॅगेत राहिलेली चालतात. आपल्याकडे तपासनीस सांगेल तसं करावं. म्हणून तो सगळ्यात वर, पटकन निघेल असा ठेवा.

पोचल्यावर घाई नको

पोटातून आलेली बॅग थंड असते. पावसाळ्यात मुंबईला उतरलात की हवा दमट. फ्रिजमधल्या पाण्यानं भरलेल्या तांब्याला बाहेर काढल्यावर घाम फुटतो ना, तसाच घाम थंड यंत्राला आतूनही फुटू शकतो. त्यात लगेच वीज सोडली तर बिघाड. बॅग उघडा, यंत्र बाहेर काढा आणि दोन-तीन तास खोलीत नुसतं राहू द्या. नातू रडला तरी.

वीज सोडण्याआधी मागची चिठ्ठी वाचा. अमेरिकेत १२० व्होल्ट आहेत, आपल्याकडे २३०. चिठ्ठीवर '१००–२४०' असेल तर फक्त पिन बदलायचा अडॅप्टर पुरतो. नुसतं '१२०' असेल तर आपल्या भिंतीत लावू नका. जुन्या यंत्रांत असं आढळतं.

कस्टमबद्दल थोडक्यात. परदेशातून नवा कन्सोल आणताना तो करमुक्त मर्यादेत मोजला जातो. लॅपटॉपला जी वेगळी सवलत आहे ती याला नाही. मर्यादेचा आकडा सरकार बदलतं, २०१६ च्या नियमांत बहुतेक देशांहून येणाऱ्यांना तो ५० हजार रुपये होता. निघण्याच्या आठवड्यात ताजा आकडा पाहून घ्या आणि पावती जवळ ठेवा. इथूनच जुना कन्सोल घेऊन जाऊन परत आणणार असाल, तर जाताना कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घेता येतं. म्हणजे परतताना 'हा आमचाच' हे शब्दांनी पटवावं लागत नाही.

न दिसणारा भाग

आता सातवा भाग. मुलांना विचारा, खोका फुटला तर दुःख कशाचं? दोन वर्षं खेळून जे मिळवलं ते गेलं याचं. खोका दुकानात पुन्हा मिळतो. म्हणजे जपायची वस्तू खोका नसून त्यातली आठवण आहे. लॉक या तत्त्वज्ञानं माणसाची ओळख त्याच्या स्मृतीत शोधली होती. यंत्राच्या बाबतीत तरी मुलं त्याच्याच पक्षाची आहेत.

ही आठवण वेगळी काढून ठेवता येते, पण प्रत्येक यंत्राची रीत वेगळी. एक्सबॉक्स ती इंटरनेटवर आपोआप साठवतो, पैसे न घेता. प्लेस्टेशन ५ च्या खेळांची साठवण पेन ड्राइव्हवर उतरवता येत नाही, इंटरनेटवर ठेवायला सशुल्क सभासदत्व लागतं. प्लेस्टेशन ४ चे खेळ मात्र पेन ड्राइव्हवर उतरतात. स्विचची साठवण यंत्राच्या आतच राहते, छोट्या कार्डावर नाही. तिथंही सभासदत्व लागतं आणि सगळ्या खेळांना ती सोय नाही. बॅग भरण्याच्या आदल्या रात्री हे करून घ्या. गोधडी खोक्याला वाचवेल, आठवणीला ही नक्कल वाचवेल.

दुसऱ्याचं सामान

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. विमानतळावर विचारतात, "बॅग तुम्ही स्वतः भरली का?" आपण सवयीनं हो म्हणतो. पण शेजाऱ्यानं टेप लावून बंद केलेला खोका दिला असेल, तर ते 'हो' खरं नाही.

न्यायशास्त्रात शब्द हेही प्रमाण मानलंय, पण ते आप्ताचं, म्हणजे जाणकार आणि खरं बोलणाऱ्याचं. शेजारी खरं बोलतो हे मला मान्य. पण त्याला स्वतःला तरी माहीत आहे का, की मुलानं आत जुनी पॉवर बँक ठेवलीय, कंट्रोलरची बॅटरी फुगलीय? चांगला माणूस आणि जाणकार माणूस या दोन वेगळ्या गोष्टी. जिथं डोळ्यांनी पाहता येतं तिथं शब्दावर का थांबायचं? खोका आपल्यासमोर उघडून घ्या, एकेक वस्तू पाहा आणि स्वतः बांधा. यात अविश्वास नाही. तीनशे माणसांच्या वतीनं आपण पाहतोय. ज्याला हे पटत नाही, त्याचं सामान नम्रपणे नाकारा. नाही म्हणायला वय झालेल्या माणसाला तरी संकोच नसावा.



श्रोत्यांचे काही प्रश्न

*क्ष-किरणांनी खेळ पुसला जातो का?*
नाही. डिस्क, कार्ड, हार्ड डिस्क कशालाच त्या तपासणीनं काही होत नाही. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची भीती आपण इथं लावतो.

*नातवाला विमानात खेळू द्यावं का?*
हातातलं यंत्र असेल तर एअरप्लेन मोडमध्ये जरूर. मोठा खोका सीटच्या सॉकेटला लावायचा विचार नको. त्याला २०० वॉटच्या आसपास वीज लागते, सॉकेट तेवढ्यासाठी नसतं. आणि यंत्र किंवा फोन सीटच्या फटीत पडला तर सीट हलवू नका. चिरडली तर बॅटरी पेटू शकते. कर्मचाऱ्याला बोलवा.

*कंपनीच्या मूळ खोक्यातच नेलं तर?*
आतला फोम त्या यंत्राच्या मापाचा असतो, म्हणून तो उत्तम. पण बाहेर मोठं चित्र असतं, ते चोराला आमंत्रण. मूळ खोका साध्या बॅगेच्या आत जात असेल तर न्या.

*चेक-इनमध्ये गेलेला कन्सोल मोडून आला तर भरपाई मिळते का?*
आंतरराष्ट्रीय प्रवासाला माँट्रियल करार लागू असतो. भारत त्यात आहे. मोडतोडीची तक्रार बॅग हातात आल्यापासून सात दिवसांत लेखी करावी लागते, बॅग उशिरा आल्यास एकवीस दिवसांत. भरपाईला कमाल मर्यादा आहे. म्हणून बांधण्याआधी यंत्राचे चालू अवस्थेतले फोटो आणि मागच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. विमानतळ सोडण्याआधीच बॅग उघडून पाहा, आणि तक्रार तिथल्या तिथे नोंदवून तिची प्रत घ्या.